नापास कोण? मराठवाड्यातील महाविद्यालयांचा एक धडा

निकालाचा दिवस आपल्यापैकी प्रत्येक घराने कधी ना कधी पाहिलेला आहे. पूर्वी महाविद्यालयाच्या फळ्यावर याद्या लागत, त्या पाहण्यासाठी मुलांची झुंबड उडे; आता निकाल हातातल्या मोबाईलवर येतो. पण त्यानंतर घरात जे घडते त्यात फारसा फरक पडलेला नाही. मुलगा कोपऱ्यात जाऊन बसतो, आई काही न विचारता ताट वाढते आणि बाप कोणाकडेही न पाहता म्हणतो, "नाही शिरत त्याच्या डोक्यात. जाऊ द्या, शेताला हात लागेल." मुलगी असली तर हेच वाक्य निराळ्या तऱ्हेने बोलले जाते आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत तिचा निकाल कायमचा लागून जातो.

निकालपत्रावर 'नापास' हा शब्द विद्यार्थ्याच्या नावासमोर लिहितात. तो महाविद्यालयाच्या नावासमोर लिहिण्याची रीत नाही. शंभर मुले पहिल्या वर्षाला बसली आणि तिसऱ्या वर्षाला त्यांतली निम्मीच उरली, तर उरलेली निम्मी कोठे गेली याचा हिशेब आपण कोणाकडे मागत नाही. दुकानात रोज निम्मा माल खराब निघू लागला तर आपण गिऱ्हाइकाला दोष देणार नाही. गोदाम पाहू, वजनकाटा तपासू. मग शिक्षणाच्या बाबतीतच सगळा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या पदरात का टाकावा?

हा प्रश्न आम्ही आज इतिहासाला विचारणार आहोत. आमचा विषय दूरचा नाही. ज्या मराठवाड्यात आपण राहतो त्याच मराठवाड्यात गेल्या शतकात हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहिला, काही थोर माणसांनी त्याला उत्तरे दिली, आणि त्यांतली काही उत्तरे आपण विसरलो. त्या उत्तरांचे स्मरण करून देणे एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

आरंभ मुंबई विद्यापीठापासून करावा लागतो. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, ती शिकवणारी विद्यापीठे नव्हती. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती वाटणी होती. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ही चार नावे आपण अभिमानाने घेतो आणि ते योग्यच आहे. पण अवाढव्य मुंबई इलाख्यात पहिल्या खेपेस चारच पदवीधर निघाले, याचा अर्थ असा की ही यंत्रणा मुळातच चाळणीसारखी बनविली होती. चाळणीत जे वर राहील ते घ्यायचे, खाली पडेल त्याची विचारपूस करायची नाही. सरकारला थोडे इंग्रजी जाणणारे कामदार हवे होते; ते मिळाले. चाळणीने आपले काम चोख केले.

या चाळणीविषयी पहिली स्पष्ट तक्रार नोंदविली ती जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यातील प्राथमिक शिक्षणाचा भाग सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. परंतु त्याच निवेदनात उच्च शिक्षणाच्या व्यवस्थेविषयीही दोन बारीक सूचना आहेत, त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली ही की, ज्याला महाविद्यालयात राहून शिकण्याची ऐपत नाही, त्याला घरी अभ्यास करून वरच्या परीक्षांना बसू द्यावे. दुसरी ही की, स्पर्धा लावून दिलेल्या शिष्यवृत्त्या दिसायला न्याय्य असल्या तरी ज्या जातींत शिक्षण पोहोचलेलेच नाही तेथे त्यांचा उपयोग होत नाही. जोतीरावांनी विद्यार्थ्याच्या बुद्धीची चर्चा केली नाही. त्यांनी दाराची उंची मोजली. दार ठेंगणे असेल तर आत शिरणाऱ्याचे डोके आपटणारच, हा साधा विचार त्यामागे होता. पहिली सूचना पुरतेपणी अमलात येण्यास शतकाहून अधिक काळ गेला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, तेव्हा नोकरी किंवा शेती करता करता पदवी घेण्याचा मार्ग महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांसाठी खुला झाला.

न्यायमूर्ती रानडे तर याच चाळणीतून वर राहिलेले पहिले दाणे. त्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. आपल्यासारख्या श्रोत्यांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून सार्वजनिक प्रश्न ऐकावा, ही चाल त्यांच्यापासूनची आहे. पण पदवीचे कौतुक करून ते थांबले नाहीत. आपले तरुण पदवीधर अल्पवयात का दगावतात, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि त्याच्या कारणांचा शोध घेतला. विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणूनही ते आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडत राहिले. पहिल्या पदवीधरानेच आपल्या विद्यापीठाची उलटतपासणी करावी, ही परंपरा मोठी आहे आणि तिचा आपण अभिमान धरला पाहिजे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. आमचे वैजापूर हे सीमेवरचे गाव. आज हे वाक्य तरुणांना चमत्कारिक वाटेल; पण १९४८ पर्यंत ते अक्षरशः खरे होते. वैजापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि शेजारचे येवले व गोदावरीपलीकडचे कोपरगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. बोली तीच, नाती तीच, बाजारहाट तोच. परंतु नदी ओलांडली की शाळा मराठी, आणि अलीकडे राहिले की सरकारी कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. एकाच आजोबाचे दोन नातू, एक येवल्यास व एक वैजापुरास असला, तर त्यांच्या बुद्धीत काही अंतर नसे. दोघांच्या वाटेत मात्र मोठेच अंतर होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हैदराबादेस १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एक असे काम केले की जे तोवर हिंदुस्थानातील कोणत्याही आधुनिक विद्यापीठाने केले नव्हते. त्याने उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजीऐवजी एक देशी भाषा केली. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते निघाले, विज्ञान, वैद्यक, कायदा या विषयांचे ग्रंथ उर्दूत आले, हजारो परिभाषिक शब्द घडविले गेले. आपल्या भाषेतून उच्च ज्ञान देता येत नाही, ही समजूत उस्मानियाने खोटी पाडली. हे श्रेय त्याचे त्याला दिलेच पाहिजे.

पण त्या यशाच्या पोटातच एक अन्याय होता. हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. देशी भाषेतून शिकल्याने मूल चांगले शिकते, हे तत्त्व उस्मानियाने मान्य केले आणि ते एकाच भाषेपुरते लावले. मराठवाड्यातल्या कुणब्याच्या मुलाला उर्दू इंग्रजीइतकीच शिकावी लागणारी, परकी अशीच होती. औरंगाबादेस १९२३ साली इंटरपर्यंतचे सरकारी महाविद्यालय निघाले; पण पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. मनमाडहून निघून रोटेगावावरून जाणारी छोटी गाडी या मुलांना तेथे घेऊन जाई. भाषा परकी, शहर परके, खर्च न पेलणारा. अशा स्थितीत किती मुले टिकली असतील? १९५१ च्या खानेसुमारीत हैदराबाद राज्यातील शेकडा दहा माणसेही साक्षर नव्हती, एवढ्यावरून काय ते समजावे.

या व्यवस्थेशी विद्यार्थ्यांचा पहिला उघड संघर्ष झाला तोही आपल्याच जिल्ह्यात. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या महाविद्यालयातील वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून वाद उठला, तो हैदराबादपर्यंत पसरला आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकली गेली. त्यांचे शिक्षण तेथेच संपले असते. परंतु नागपूर विद्यापीठाने या मुलांना आपल्याकडे घेतले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. एका विद्यापीठाने जे विद्यार्थी 'नालायक' म्हणून बाहेर घातले, तेच दुसऱ्या विद्यापीठात लायक ठरले. मुले तीच होती. संस्था बदलली एवढेच. आमच्या विषयाचे सारे मर्म या एका घटनेत आले आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर उस्मानियाचे माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेले. म्हणजे मराठवाड्याच्या विद्यार्थ्याने घरी मराठी बोलावी, शाळेत उर्दूतून शिकावे, आणि महाविद्यालयात गेल्यावर सर्व काही इंग्रजीतून ऐकावे, अशी विलक्षण अवस्था काही वर्षे राहिली. अशा संधिकाळात १९५० साली दोन महाविद्यालये उभी राहिली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले आणि औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले.

बाबासाहेबांनी हा विषय फार पूर्वीपासून हाताळला होता. १९२४-२५ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी जी समिती नेमली गेली, तिच्या प्रश्नावलीला त्यांनी सविस्तर उत्तरे दिली. विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे कार्यालय असू नये, अध्यापन आणि संशोधन ही दोन्ही कामे एका घरात नांदावीत, असा त्यांचा आग्रह होता. १९४५ साली सोसायटीची स्थापना, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, आणि त्यानंतर चारच वर्षांत औरंगाबाद. मुंबईच्या तुलनेत अगदी मागासलेल्या या प्रांतात महाविद्यालय काढण्याचे धाडस त्यांनी केले, कारण गरज येथे होती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. देशाच्या कायदामंत्र्याचे जबाबदारीचे काम सांभाळीत असतानाही बाबासाहेब या बांधकामात जातीने लक्ष घालीत.

नावाचीच गोष्ट पाहा. परिसराला त्यांनी नागसेनवन म्हटले आणि महाविद्यालयाला मिलिंद. पाली परंपरेतील मिलिंद राजा, म्हणजे ग्रीक वंशाचा मिनँडर, भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो आणि नागसेन एकेकाचे निरसन करतो. जमिनीला उत्तर देणाऱ्या गुरूचे नाव दिले आणि विद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारण्याचीच मनाई होती, त्यांच्या मुलांसाठी याहून समर्पक नाव कोणते असू शकेल?

पण नावाने विद्यार्थी उत्तीर्ण होत नाही. मिलिंदने काय वेगळे केले, हे आपण पाहिले पाहिजे. एक म्हणजे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले ठेवले. दुसरे म्हणजे वसतिगृह हे महाविद्यालयाचे अंग मानले. ज्या मुलाला शहरात भाड्याची खोली त्याच्या जातीमुळे मिळत नाही, त्याला तासाला वेळेवर हजर राहा असे सांगण्यात अर्थ नसतो. तिसरे म्हणजे शिक्षक असे आणले की जे वर्गाबाहेरही विद्यार्थ्यांचे असत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे नाव येथे घ्यावे लागेल. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांच्या हातात रंगभूमी दिली. जो मुलगा वर्गात तोंड उघडायला घाबरतो तो रंगमंचावर बोलू लागतो. आणि एकदा बोलू लागला की मग परीक्षेतही लिहू लागतो. याच परिसरातून गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक पुढे आले आणि औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक निघाले. दलित साहित्याच्या चळवळीला त्याने जे व्यासपीठ दिले ते मराठी वाचकांना सांगण्याची गरज नाही. परीक्षेच्या चाळणीने ज्यांना कोंडा म्हणून खाली टाकले असते, त्यांनी मराठी साहित्याचा प्रवाह बदलला.

वसतिगृहाची कल्पना अर्थात एकाएकी जन्मली नाही. १९०१ पासून शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. खेड्यातला मुलगा शिकत नाही याचे कारण त्याला शहरात राहायला जागा नाही, हे त्यांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालविले, आणि १९४७ साली तेथेच शिवाजी कॉलेज सुरू करून 'कमवा आणि शिका' ही पद्धत उच्च शिक्षणात आणली. शाहू महाराजांनी मुलाच्या निवाऱ्याची अडचण सोडविली, कर्मवीरांनी पोटाची. या दोघांनीही मुलाला आधी 'अधिक अभ्यास कर' असा उपदेश केला नाही. अभ्यासाच्या आड काय येते, ते हुडकून आधी बाजूला केले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. न्यायमूर्ती पळणिटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शिफारस केली आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचा दीर्घ अनुभव घेऊन आले होते. पुढे या विद्यापीठाच्या नावावरून जो संघर्ष झाला, १९७८ च्या ठरावानंतर ज्या दलित वस्त्या जळाल्या आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ज्या नामविस्ताराने तो संपला, तो आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. त्या सोळा वर्षांत ज्यांची घरे जळाली त्यांच्या मुलांची वर्षेही जळाली, हे निकालाच्या आकड्यांत कोठेही दिसत नाही.

विद्यापीठ आले आणि महाविद्यालये तालुक्यापर्यंत पोहोचू लागली. याच सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांसाठी फीमाफीची सवलत आणली. कुणबी, माळी, धनगर, कोष्टी अशा घरांतली मुले पहिल्यांदाच महाविद्यालयाच्या बाकावर बसली ती या सवलतीमुळे. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनच चालू होती. आमच्या वैजापुरातही विनायकराव पाटील यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले, आणि मनमाडची किंवा औरंगाबादची वाट न धरता गावातच पदवी घेण्याची सोय झाली. ही प्रगती लहान नव्हे.

तथापि दार उघडणे आणि आत आलेल्याला शेवटपर्यंत नेणे ही दोन कामे आहेत. पहिले काम आपण पुष्कळ केले. दुसऱ्याकडे आमचे दुर्लक्ष झाले. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने नापासांचे प्रचंड प्रमाण ही राष्ट्राची हानी मानली होती आणि विद्यापीठांत एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षापद्धतीची सुचवू, असा अभिप्राय दिला होता. त्यानंतर सत्र पद्धत आली, राहिलेले विषय पुढच्या वर्गात जाऊन सोडविण्याची मुभा आली, आता श्रेयांकांची पेढीही आली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने एक वर्षानंतर सोडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर सोडणाऱ्याला पदविका देण्याचे ठरविले. यात काही चांगले आहे. पण मध्येच सोडण्याला एक प्रतिष्ठित नाव मिळाल्याने सोडण्याची कारणे मिटत नाहीत.

मराठवाड्याने परीक्षेतील यशाचा एक प्रसिद्ध प्रयोगही केला आहे, त्याचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून सुरू झालेला आणि 'लातूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजलेला हा प्रयोग. शिक्षकांनी ठरलेल्या तासांच्या पलीकडे जाऊन शिकवायचे, वारंवार सराव परीक्षा घ्यायच्या, उत्तरपत्रिका तपासून चुका दाखवायच्या, ही त्याची रीत. मराठवाड्याची मुले बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली तेव्हा पुण्या-मुंबईला आश्चर्य वाटले. शिक्षण देणाऱ्यांनी आपली रीत बदलली तर 'मागास' प्रांतातली मुले मागे राहत नाहीत, हे लातूरने सिद्ध केले. पण पुढे या प्रयोगाभोवती खासगी शिकवण्यांची जी बाजारपेठ वसली, तिने मूळ धडा झाकून टाकला. ज्यांच्याजवळ गुण आणि पैसे आहेत त्यांना निवडून आणखी वर नेणे सोपे आहे. जो काठावर आहे त्याला सावरणे अवघड, आणि समाजाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे.

काठावरच्याला सावरण्याचा एक अलीकडचा प्रयोग परदेशातला आहे, तो थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठात गरीब घरांतील मुलांसाठी दोन वर्षांची महाविद्यालये आहेत. तेथेही आपल्यासारखीच गळती. २००७ साली त्यांनी एक योजना आखली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकावे ही एक अट. त्या बदल्यात फीमध्ये जी तूट राहील ती माफ, पुस्तके फुकट, शहरातील बस व रेल्वेचा पास फुकट, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एक ठरलेला सल्लागार, ज्याला तो वारंवार भेटेल. या योजनेची कसोटी चिठ्ठ्या टाकून घेतली गेली; म्हणजे सारख्याच मुलांपैकी काहींना योजना मिळाली, काहींना नाही. तीन वर्षांनी पाहिले तर योजनेबाहेरची शेकडा २२ मुले उत्तीर्ण होऊन बाहेर पडली होती आणि योजनेतली शेकडा ४०. दर मुलामागे खर्च वाढला खरा. पण उत्तीर्ण होणाऱ्या दर मुलामागे तो कमीच भरला, कारण अर्ध्यावर वाया जाणारी वर्षे वाचली. शाहू महाराजांना व कर्मवीरांना या योजनेत काही नवल वाटले नसते. बसचा पास आणि आपुलकीने चौकशी करणारा माणूस, एवढ्याच त्यातल्या मोठ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या गावाकडे परत येऊ. शिऊर, खंडाळा, गारज, महालगाव, वीरगाव येथून मुले-मुली रोज वैजापूरला शिकायला येतात. शिऊर हे तुकोबांची शिष्या संत बहिणाबाईंचे गाव. ज्या काळी बाईने शब्द उच्चारणे हाच अपराध होता त्या काळी ती अभंग रचून गेली. आणि आज तिच्याच गावची मुलगी तास सुटल्यावर शेवटची बस निघून जाईल या भीतीने शेवटचा तास बुडवते, आणि पुढे हजेरी भरत नाही म्हणून तिला परीक्षेचा अर्ज नाकारला जातो. या मुलीला नापास कोणी केले? कांदे काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे; मग चाचणी परीक्षा नेमक्या त्याच पंधरवड्यात का याव्यात? पहिल्या वर्षात आलेल्या मुलाला इंग्रजीचा एक उतारा समजत नाही, तर त्याची परीक्षा घेण्याआधी त्याला दोन महिने इंग्रजी कोणी शिकवणार आहे की नाही? तासिका तत्त्वावर राबणारा तरुण प्राध्यापक पुढच्या वर्षी येथे असेल की नाही हे त्याचे त्यालाच माहीत नसते. तो विद्यार्थ्याला तीन वर्षांचा आधार कोठून देणार?

यांतल्या काही गोष्टी सरकारने करायच्या आहेत. रिकाम्या जागा भरणे हे सरकारचेच काम आहे आणि त्यासाठी आपण आवाज उठविला पाहिजे. पण पुष्कळ गोष्टी गावाच्या हातातल्या आहेत. महाविद्यालयाचे वेळापत्रक एस. टी. च्या वेळापत्रकाशी जुळवून घेता येते. दोन्ही कार्यालये एकाच गावात आहेत. सलग आठ दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी एक फोन करता येतो. पहिल्या सहा आठवड्यांत कोण मागे पडतो आहे याची यादी प्रत्येक वर्गाने ठेवावी, कारण जो गळतो तो बहुधा आरंभीच गळू लागतो. परीक्षेच्या शुल्काची मुदत चुकली म्हणून कोणाचे वर्ष जाऊ नये यासाठी गावातील व्यापाऱ्यांनी एक छोटा निधी उभारावा. आमच्या बाजारपेठेला तो जड नाही. बाहेरगावच्या मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह असावे, मग ते दहा खाटांचे का असेना. आणि दरवर्षी निकालाच्या सुमारास महाविद्यालयाने गावासमोर एक साधा हिशेब मांडावा: तीन वर्षांपूर्वी इतकी मुले आली, इतकी उत्तीर्ण झाली, इतकी गेली, आणि गेलेली अमुक कारणांनी गेली. हा हिशेब मागणे म्हणजे कोणाचा अपमान करणे नव्हे. प्राध्यापकवर्गातील प्रामाणिक माणसे तर त्याची वाटच पाहत असतील, कारण त्यांचे कष्टही त्यातूनच लोकांना दिसतील.

विद्यार्थ्याची जबाबदारी काहीच नाही, असे आम्हांला सुचवायचे नाही. अभ्यास त्यालाच करायचा आहे. त्याच्या वतीने तो दुसरा कोणी करू शकत नाही. मिलिंदच्या वसतिगृहातली मुले आणि साताऱ्याला दगड फोडून शिकणारी मुले कष्टाला कमी पडली नाहीत. परंतु त्यांच्या कष्टाला फळ आले ते त्यांच्यासाठी कोणीतरी व्यवस्था बदलली म्हणून. विहिरीला पाणी असून बादलीला दोर पुरत नसेल, तर तहानलेल्याला आणखी वाकायला सांगणे हे शहाणपणाचे नाही, दोर वाढवावा.

यंदा निकाल लागेल त्या संध्याकाळी आपल्यापैकी कोणाच्या तरी घरात ताट न बोलता वाढले जाईल. त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून आपण त्याला एवढे अवश्य विचारावे की, तुझी कोणती अडचण झाली? आणि त्याचे उत्तर ऐकून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा-चौघांनी मिळून महाविद्यालयात जावे आणि तेच उत्तर तेथे सांगावे.